ओलीस धरल्यावर कमांडो लगेच आत का घुसत नाहीत?
पुण्यात कॅम्पातल्या एखाद्या हॉटेलात असं घडलं तर लगेच कारवाई का होणार नाही, असं तुम्ही विचारलंय. आत किती अतिरेकी, कुठल्या मजल्यावर, हे कळल्याशिवाय घुसलं तर आधी ओलीसच मरतात. म्हणून पोलीस वेढा घालतात आणि बोलणी लांबवतात. ती शरणागती नसते. तेवढ्या वेळात इमारतीचे नकाशे आणि आतली खबर मिळवली जाते.

पण आत लोकांना मारणं सुरूच असेल, तर थांबणं घातक. २००८ मध्ये मुंबईत हल्लेखोर मारायलाच आले होते आणि एनएसजी हे केंद्राचं कमांडो दल हरियाणातल्या मानेसरहून दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलं. तो उशीर मला आजही सलतो. त्यानंतर मुंबईत एनएसजीचं केंद्र आलं, २०१० मध्ये राज्याचं ‘फोर्स वन’ हे कमांडो दल उभं राहिलं. पुण्यासाठी हा मोठा फरक आहे.

निर्णय लांबला की काय होतं, ते १९९९ मध्ये दिसलं. इंडियन एअरलाइन्सचं अपहृत विमान अमृतसरला पाऊण तास उभं होतं, ते निसटलं आणि शेवटी अफगाणिस्तानात कंदाहारला प्रवाशांच्या बदल्यात तीन अतिरेकी सोडावे लागले.

आणि कृपा करून, अशा वेळी बाहेरून मोबाइलवर लाइव्ह दाखवू नका. मुंबईत हल्लेखोरांचे सूत्रधार टीव्ही बघूनच सूचना देत होते.