चोथ्यातला रंग न तापवता

प्रश्न : वाइन काढल्यावर उरलेल्या द्राक्षाच्या चोथ्यातून पडद्याच्या (अतिसूक्ष्म छिद्रांच्या पातळ पटलाच्या, म्हणजे मेम्ब्रेनच्या) गाळणीने रंगद्रव्यं काढतात, असं वाचलं. अर्क आटवण्यापेक्षा त्यात वेगळं काय?

उत्तर : उष्णता लागत नाही. सालीतलं अँथोसायनिन, म्हणजे लाल-जांभळं रंगद्रव्य, तापवलं की विटतं. मी पहिला अर्क उकळून आटवला, तेव्हा गर्द जांभळ्याचा तपकिरी झाला. फार वाईट वाटलं होतं.

आधी ०.२ मायक्रॉन छिद्रांच्या पडद्याने अर्कातला गाळ आणि यीस्ट अडवा. मग अल्ट्राफिल्ट्रेशनमध्ये, म्हणजे त्याहून बारीक छिद्रांच्या पडद्यात, प्रथिनं आणि मोठी पॉलिसॅकराइडं (साखरेच्या लांब साखळ्या) मागे राहतात. खरं काम नॅनोफिल्ट्रेशनचं, म्हणजे आणखी बारीक पडद्याचं. अँथोसायनिनचा रेणू साधारण ५०० डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक), ग्लुकोजचा १८०, टार्टारिक आम्लाचा १५०. त्यामुळे साधारण ४०० डाल्टनहून मोठे रेणू अडवणारा पडदा घेतला, तर रंग बराचसा मागे साठतो. साखर आणि आम्ल पाण्याबरोबर पुष्कळसं पार होतं.

त्रास तुंबण्याचा. पॉलिफेनॉलं (रंगद्रव्यं आणि टॅनिनसारखी सालीतली द्रव्यं) पॉलिइथरसल्फोन या प्लास्टिकच्या पडद्याला चिकटून बसतात. म्हणून पहिली गाळणी घाईत उरकू नका, द्रव पडद्याला समांतर वेगाने वाहता ठेवा आणि काम संपताच सौम्य अल्कलीने धुवा. रात्रभर न धुता ठेवलेला माझा एक पडदा पुन्हा पूर्वीसारखा वाहिलाच नाही.