डी अँड डीमध्ये (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून खेळायचा भूमिकांचा खेळ) लढाई किती अवघड जाईल हे आधी कसं ओळखायचं? सीआरवर (चॅलेंज रेटिंग, मॉन्स्टर किती अवघड ते सांगणारा आकडा) विश्वास ठेवावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार खेळाडू, सगळे तिसऱ्या लेव्हलचे. लढाईची अवघडता मोजणारा कॅल्क्युलेटर 'मीडियम' म्हणाला म्हणून तुम्ही आउलबेअर (घुबड-अस्वल मॉन्स्टर) सोडलं, ते दुसऱ्याच राउंडला मेलं. पुढच्या वेळी तितक्याच 'मीडियम' लढाईत पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) मरता मरता वाचली. मग सीआरला काही अर्थ आहे का?

अर्थ आहे, पण सीआर मॉन्स्टरचं वजन सांगतो. ते वजन कुणाच्या डोक्यावर पडणार हे सांगत नाही. मी हे तावातावाने लिहितोय, कारण अगदी अशाच एका 'मीडियम' लढाईवरून माझा एका डीएम (खेळ चालवणारा) मित्राशी जुना वाद आहे आणि तो अजून मिटलेला नाही.

त्या लढाईत डीएम मी होतो आणि समोर चार शॅडो (सावलीरूपी भुतं) होत्या. २०१४ च्या नियमांनी हिशेब करा (मॉन्स्टरचे सगळे आकडे त्याच आवृत्तीतले): शॅडोचा सीआर १/२, म्हणजे १०० एक्सपी (अनुभवाचे गुण). चार म्हणजे ४००, आणि तीन ते सहा मॉन्स्टर असल्यामुळे दुप्पट, ८००. तिसऱ्या लेव्हलच्या चौघांसाठी मीडियम ६०० पासून, हार्ड ९०० पासून. तुमचं आउलबेअर एकटं ७००. कागदावर दोन्ही लढाया एकाच खान्यात बसतात. २०२४ च्या नव्या तक्त्यात तर मॉन्स्टरच्या संख्येचा गुणक काढूनच टाकलाय, त्यामुळे ४०० एक्सपीच्या त्या चार शॅडो 'लो'च्या ६०० लाही पोचत नाहीत.

आता टेबलावर काय झालं ते बघा. पडक्या थडग्याखालची २० बाय ३० फुटांची खोली, एकच टॉर्च, तोही पुढे असलेल्या फायटरच्या (लढवय्या पात्राच्या) हातात. टॉर्चचा लख्ख उजेड २० फूट, त्यापुढे अंधूक. विझार्ड (जादूगार) मागे, अंधूक उजेडात. अंधूक उजेडात शॅडो बोनस ॲक्शनमध्ये (टर्नमधल्या जादा छोट्या कृतीत) लपते आणि तिथे तिचा स्टेल्थ (लपण्याच्या फाशात मिळवायचा आकडा) +६. मी चारही शॅडो मागच्या भिंतीच्या फटींत ठेवल्या होत्या. विझार्डने स्लॉट (दिवसाला मोजकेच मंत्र टाकता येतात, ते) वाचवायचा म्हणून मेज आर्मर हा बचावाचा मंत्र टाकला नव्हता: एसी (फटका लागायला फाशाने गाठायचा आकडा) १२, हिट पॉइंट (उरलेला जीव) २०, स्ट्रेंग्थ (ताकद) ८.

शॅडोचा हल्ला वीस बाजूंच्या फाशावर +४. एसी १२ वर ८ किंवा वर पडलं की लागतो, म्हणजे ६५ टक्के. चार हल्ल्यांत सरासरी २.६ लागणार. प्रत्येक फटका २डी६+२ (सहा बाजूंचे दोन फासे अधिक २), सरासरी ९, आणि वर १डी४ स्ट्रेंग्थ कमी. पहिल्या फटक्याला १० डॅमेज, स्ट्रेंग्थ ३ ने खाली. दुसऱ्याला ७, पुन्हा ३. उरले ३ हिट पॉइंट आणि स्ट्रेंग्थ २. चौथ्या शॅडोचा नेम चुकला. तिसरीचा फासा १४ पडला आणि डी४ वर २ आले.

स्ट्रेंग्थ शून्य म्हणजे मृत्यू. डेथ सेव्ह (जगण्या-मरण्याचे फासे) नाहीत, हीलिंग वर्ड या बरं करणाऱ्या मंत्राचा उपयोग नाही. नुसते हिट पॉइंट शून्य झाले असते, तर आमच्या क्लेरिकने (पुजारी पात्राने) ६० फुटांवरून बोनस ॲक्शनमध्ये त्याला उठवलं असतं. पहिला राउंड संपायच्या आत एक कॅरेक्टर गेलं, आणि हा काही दुर्मीळ योग नव्हता: तीन डी४ ची बेरीज ८ किंवा जास्त येण्याची शक्यता बरोबर ५० टक्के आहे.

मित्र त्या दिवशी खेळाडू म्हणून बसला होता. नंतर म्हणाला, "फासा पडद्यामागे होता ना? लागला नाही म्हणायचंस." वाद तिथून सुरू झाला. त्यात माझं म्हणणं काय ते पुढे सांगतो, आधी तुमच्या आउलबेअरचा हिशेब.

कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा, कागद घ्या आणि दोन आकडे काढा. पहिला: मॉन्स्टर पाडायला पार्टीला किती राउंड लागतील. साधारण तिसऱ्या लेव्हलची पार्टी धरू, हल्ला +५, आउलबेअरचा एसी १३, म्हणजे ६५ टक्के लागणार. ड्युएलिंगवाला (एकहाती शस्त्रात तरबेज) फायटर ९.५ चे (६५ टक्के धरून) ६.२. स्नीक अटॅकसह (जादा मार) रोगचे (चोरट्या पात्राचे) १३.५ चे ८.८. क्लेरिकच्या सेक्रेड फ्लेमचे २.५, विझार्डच्या फायर बोल्टचे ३.६ (दोन्ही स्लॉट न लागणारे मंत्र). एकूण २१. आउलबेअरचे हिट पॉइंट ५९, तेव्हा साधे तीन राउंड.

पण तुमच्या पार्टीने साधा हल्ला केला असेल का? त्या दिवसातली ती एकमेव लढाई असेल, तर फायटर ॲक्शन सर्ज (एका टर्नमध्ये दुसरी कृती) वापरणार (१२.४), क्लेरिक गाइडिंग बोल्ट (९.१) आणि विझार्ड स्कॉर्चिंग रे (१३.७) हे स्लॉट लागणारे मंत्र, रोगचे ८.८ आहेतच. पहिल्याच राउंडला ४४. दुसऱ्यात साधे २१ धरले तरी ६५ होतात. आउलबेअर दोन राउंडात मेलं यात सीआरचा दोष नाही. २०१४ चं पुस्तक दिवसाला सहा ते आठ मीडियम-हार्ड लढाया गृहीत धरतं, तिसऱ्या लेव्हलला माणशी १२०० एक्सपी. चौघांचे ४८००, म्हणजे माझ्या चार शॅडोंसारख्या सहा लढाया. तुम्ही त्या सहापैकी एकच लढाई घेतली आणि पार्टीने पूर्ण दिवसाचा दारूगोळा तिच्यात ओतला. दिवसाला एकच लढाई ठेवायची असेल, तर 'डेडली'च्या (तुमच्या पार्टीला १६००) खालचं काही ठेवूच नका. पाथफाइंडर या अशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत ही अडचण कमी येते, कारण तिथला हिशेब दर लढाईला पार्टी जवळपास पूर्ण तब्येतीत आहे असं धरूनच केलेला आहे.

दुसरा आकडा: मॉन्स्टर पार्टीला किती राउंडात पाडतील. लोक सगळ्यांचे हिट पॉइंट एकत्र करून भागतात, आणि चूक इथेच होते. मॉन्स्टर बेरजेला मारत नाहीत, एकेकाला मारतात. एकदा सगळ्यात दणकट कॅरेक्टरवर आणि एकदा सगळ्यात नाजूक कॅरेक्टरवर, असा हिशेब वेगवेगळा करा. आउलबेअर चोच आणि पंजे मिळून २४.५ देतं, +७ ने. फायटरचा एसी १८, हिट पॉइंट २८: राउंडला १२, म्हणजे तो दोन राउंड पुरे करतो. विझार्डवर तेच आउलबेअर ८० टक्के लागतं: १९.६. त्याचे हिट पॉइंट २०. एकाच मॉन्स्टरसमोर कोण उभा आहे यावरच 'मीडियम' आणि 'डेडली' ठरतं.

माझा नियम असा: सगळ्यात नाजूक कॅरेक्टर सरासरी फाशांवर एका राउंडात पडत असेल, तर मॉन्स्टर बदलू नका, जागा बदला. सुरुवातीचं अंतर ६० फूट करा. मध्ये दार द्या. अर्धे मॉन्स्टर तिसऱ्या राउंडला आत आणा. शॅडोचा वेग ४० फूट आणि विझार्डचा ३०, त्यामुळे 'पळून जाईल की' हा भरवसा नको. फायटरला पाच फुटी वाट अडवता यायला हवी. तरीही लक्षात ठेवा, शॅडो एक इंचाच्या फटीतून शिरते, नुसतं दार लावून भागत नाही.

यानंतर तिसरी गोष्ट तपासा, जी कुठलाच कॅल्क्युलेटर तपासत नाही: हिट पॉइंटांना वळसा घालून मारणारे मॉन्स्टर. शॅडोची स्ट्रेंग्थ-चोरी. सीआर ४ ची बॅन्शी, जिच्या किंकाळीवर डीसी १३ चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (शरीराने तग धरण्याचा फासा, १३ गाठायचा) चुकला की थेट शून्य हिट पॉइंट. सीआर २ चा इंटेलेक्ट डिव्हॉवरर: सेव्ह चुकल्यावर ३डी६, आणि ती बेरीज तुमच्या इंटेलिजन्सइतकी किंवा जास्त आली की इंटेलिजन्स शून्य. इंटेलिजन्स ८ च्या फायटरसाठी ही शक्यता ८४ टक्के आहे. असा मॉन्स्टर दिसला की सीआर विसरा, आणि ज्याचा तो गुण सगळ्यात कमी आहे त्या कॅरेक्टरची शीट उघडून बघा.

रेझिस्टन्सचंही (ठरावीक मार अर्धाच लागणं) तसंच. चार शॅडोंचे हिट पॉइंट मिळून ६४, एसी १२. वाटतं तीन राउंड. पण जादूची नसलेली तलवार, बाण, फायर बोल्ट, सगळं अर्धं होतं. विझार्ड जिवंत धरला तरी आमच्या पार्टीचं राउंडचं डॅमेज १४ च्या आसपास उतरलं, आणि त्यातला जवळपास तिसरा हिस्सा एकट्या सेक्रेड फ्लेमचा, कारण रेडियंट (पवित्र प्रकाशाच्या) डॅमेजला शॅडो कमकुवत. तीनाचे साडेचार राउंड झाले. मॅजिक मिसाइल या मंत्राचं डॅमेज अर्धं होत नाही, तीन बाणांचे १०.५ सरळ लागतात, पण ते ज्याच्याकडे होतं तो पहिल्या राउंडलाच गेला होता.

आता तो वाद. मित्राचं म्हणणं, लढाई जड जातेय असं दिसलं की डीएमने पडद्यामागे फासा बदलावा, मॉन्स्टरचे हिट पॉइंट घटवावेत, खेळाडूंना कळणारच नाही. मला हे अजिबात मान्य नाही. विझार्डने स्लॉट वाचवायचं ठरवलं, क्लेरिकने टर्न अनडेड (भुतं पळवणारी शक्ती, शॅडोवर ६० टक्के चालते) दुपारी भेटलेल्या दोन झाँबींवर खर्च केली आणि मग ती परत मिळवून देणारी शॉर्ट रेस्टही घेतली नाही. हे निर्णय त्यांनी घेतले होते. मी फासा बदलला असता, तर त्या निर्णयांना आणि पुढच्या प्रत्येक निर्णयाला काडीची किंमत उरली नसती. ज्या टेबलावर मेज आर्मर टाकलं काय आणि नाही टाकलं काय, निकाल एकच, तिथे खेळाडू हळूहळू विचार करणं सोडून देतात.

चूक माझी होती, पण ती फासा पडायच्या आधीची. चारही शॅडो सगळ्यात नाजूक माणसाच्या पाठीशी ठेवल्या, आणि आधीच्या खोलीत इशारा म्हणून काही ठेवलं नाही. अंगावर एकही जखम नसलेलं, तरी काठीसारखं सुकलेलं एक प्रेत पुरलं असतं. अनुभवी खेळाडूने ते बघून टॉर्च मागे दिला असता. दोन शॅडो पुढे आणि दोन तिसऱ्या राउंडला, एवढं केलं असतं तर विझार्डवर पहिल्या राउंडला फार तर दोनच हल्ले झाले असते, सरासरी १.३ फटके. त्याला निदान एक टर्न मिळाला असता.

लढाई सौम्य करायचीच असेल, तर ती कागदावर आधी करा. शॅडोचे हिट पॉइंट पुस्तकात १६ दिलेत, पण ती सरासरी आहे, मूळ फासे ३डी८+३, म्हणजे ६ ते २७. त्यातला कुठलाही आकडा इनिशिएटिव्हच्या (टर्नचा क्रम ठरवणाऱ्या फाशाच्या) आधी ठरवा. 'अर्ध्या शॅडो पडल्या की बाकीच्या भिंतीच्या फटींत शिरतात' असं लिहून ठेवा आणि मग तसंच खेळा.

दोन ठिकाणी मात्र हा हिशेब चालत नाही. पहिल्या लेव्हलला सगळंच निसरडं असतं: एका गॉब्लिनचा क्रिटिकल (फाशावर २० पडल्यावरचा दुप्पट फाशांचा फटका) २डी६+२, सरासरी ९, आणि विझार्डचे हिट पॉइंट ८. तिथे दोन गॉब्लिनांपेक्षा जास्त एकदम सोडू नका आणि पार्टीला दुसऱ्या लेव्हलचा, माणशी ३०० एक्सपीचा टप्पा लवकर ओलांडू द्या. अगदी नवख्या, लहान मुलांच्या टेबलावर पहिल्या सेशनला कुणी फासा बदलला तर मी भांडणार नाही. आणि अकराव्या लेव्हलच्या पुढे डॅमेजची बेरीज अपुरी पडते, कारण तिथे एक सेव्ह चुकला की अख्खा मॉन्स्टर लढाईतून बाद होतो. लेजेंडरी रेझिस्टन्स (चुकलेला सेव्ह यशस्वी करून घेण्याची ताकद) नसलेला एकटा बॉस तिथे ठेवूच नये.

तुमची पुढची लढाई कोणती ते कमेंटमध्ये टाका, सोबत चौघांचे एसी, हिट पॉइंट आणि सगळ्यात कमी असलेला गुण. दोन्ही आकडे काढून देतो.