आजोबांची रॅले आणि न बसणारे पार्ट

गेल्या अंकात जुन्या सायकलींचा विषय निघाला आणि पत्रं आली ती सगळी एकाच दुखण्याची, पार्ट मिळतो पण बसत नाही. म्हणून यावेळी सगळी जागा त्यालाच दिलीये.

प्रश्न : दादा, आमच्या आजोबांची रॅले आहे, जुनी इंग्लिश सायकल, रॉड ब्रेकवाली, म्हणजे केबलऐवजी लोखंडी दांड्यांनी ओढला जाणारा ब्रेक. बरीच वर्षं माळ्यावर पडून होती, टायर पार चिरलेत. ऑनलाइन २८ इंची बघून चांगले महागाचे टायर मागवले तर चढतच नाहीत. सायकलवाला म्हणतो रिम वाकलीये, बदला. खरंच बदलू का? (सातारा)

नका हो बदलू! रिमही चांगली आहे आणि टायरही चांगला आहे, दोघांचं माप वेगळं आहे इतकंच. २८ इंची हे नुसतं नाव झालं, त्या एका नावाखाली दोन-तीन मापं विकली जातात. तुमच्या रॅलेची रिम २८ बाय १ १/२, म्हणजे टायर जिथे बसतो तिथे व्यास ६३५ मिलिमीटर. हल्लीच्या हायब्रिड सायकलींचे २८ इंची टायर ६२२ चे असतात, १३ मिलिमीटरचा फरक, घेरात धरला तर ४ सेंटिमीटर. आणि टायरच्या कडेला आत तार असते, ती ताणली जात नाही, त्यामुळे कितीही जोर लावा, लिव्हर वाकतील पण टायर चढणार नाही. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात ४०-६३५ असं काहीतरी छापलेलं असतं, त्यातला ६३५ बघून घ्या, बाकी काही बघू नका.

आणि आनंदाची गोष्ट म्हणजे हे माप आपल्याकडे आजही बनतं, कारण दूधवाल्यांची जी काळी उंच सायकल आहे तिचं माप तेच आहे. परदेशातले लोक ६३५ चे टायर शोधत बसतात आणि आपल्याला गावातल्या दुकानात मिळतात. रिम कधी खरोखरच गेली तरी घाबरू नका, ब्रिटिश पद्धतीत पुढे ३२ आणि मागे ४० आरे असतात, आपल्या देशी सायकलींनी तीच पद्धत ठेवली, त्यामुळे तुमच्या जुन्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, देशी रिम बसते. फक्त रॉड ब्रेकचीच रिम घ्या, त्या ब्रेकचे रबर आऱ्यांच्या बाजूने रिमला आतून लागतात, साधी रिम टाकली तर ब्रेकच लागणार नाही.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या रॅलेचं पायडल हलतं, क्रँकच्या जागी खटखट होते. मेकॅनिकने नवीन कप, म्हणजे छर्रे बसतात ती आट्यांची वाटी, आणला पण दोन आटे जाऊन अडकतो. तो म्हणतो टॅप मारून, म्हणजे नवे आटे पाडून, बसवून देतो, २ तासांचं काम आहे. बसवून घेऊ का? (नाशिक)

ताई, पत्र वाचल्या वाचल्या आधी त्याला थांबवा. बहुतेक इंग्लिश सायकली आणि आपल्या बऱ्याचशा देशी सायकलींच्या बॉटम ब्रॅकेटला, म्हणजे क्रँकचा एक्सल फिरतो त्या फ्रेमच्या नळीला, एका इंचात २४ आटे असतात, याला आजही बीएसए आटे म्हणतात, बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीवरून. पण नॉटिंगहॅमच्या रॅलेने स्वतःचे वेगळे आटे ठेवले, इंचाला २६. व्यास तोच, त्यामुळे दिसायला सेम टू सेम, हातात घेतलं तरी कळत नाही, आणि २४ चा कप २६ मध्ये एक-दोन आटे सहज जातो, म्हणून फसायला होतं. मी एका दुकानात हे डोळ्यांदेखत बघितलंय, कप अडकला म्हणून लांब पान्याने दाबून फिरवला, परत बाहेर काढला तेव्हा त्या नळीतून दोऱ्यासारखी लोखंडाची बारीक तार निघून आली. ते आटे होते. साठ वर्षं टिकलेले आटे पाच मिनिटांत गेले, मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तपासायला यंत्र नको. जुना कप आणि नवा कप आट्यांना आटे लावून खिडकीच्या उजेडासमोर धरा, एकमेकांत पूर्ण बसले तर माप एक, मधे मधे फट दिसली तर वेगळं. किंवा पुढचं चाक धरणारा चिमटा काढलेला असेल तर त्याच्या नळीवरच्या आट्यांना पट्टी लावून एका इंचात किती येतात ते मोजा, चिमटा २६ चा निघाला तर खालचे कपही बहुतेक २६ चेच असतात.

पण मुळात कप बदलायचाय का हे आधी बघा. माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा कप ठीक असतो, एक्सल आणि छर्रे झिजलेले असतात. छर्रे १/४ इंची, एका बाजूला ११, दोन्ही मिळून २२, सगळे एकदम नवीन टाका, जुने-नवे मिसळू नका. खोलताना लक्षात ठेवा, चेनकडच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो. कपात खड्डे पडलेच असतील तर मोडकी रॅले शोधा, किंवा हंबर नाहीतर रज, कारण रॅलेने हंबर १९३२ मध्ये आणि रज १९४३ मध्ये घेतली, त्यानंतर रॅलेच्या कारखान्यात बनलेल्या या सायकलींना रॅलेचेच आटे. हंबर तर लांबूनच ओळखू येते, दुहेरी चिमटा असतो तिचा. बर्मिंगहॅमची हर्क्युलिस मात्र चालणार नाही, ती २४ ची. अगदीच काही मिळालं नाही तर चांगला लेथवाला २६ आट्यांचा कप करून देतो, पण हार्डनिंग करून घ्याच, नाहीतर छर्रे मऊ लोखंड खाऊन टाकतात.

प्रश्न : माझ्या सायकलला तीन गिअरची स्टर्मी आर्चर हब आहे, गिअर मागच्या हबच्या आतच असतात, गिअर मधेच सुटतो आणि पाय एकदम रिकामा फिरतो. आतले पार्ट कुठे मिळतील? (कोल्हापूर)

आधी हबच्या कवचावर वाचा, एडब्ल्यू आणि पुढे आकडे असतील. ६२ ५ असेल तर १९६२ चा मे महिना. एडब्ल्यू हब १९३६ पासून बनतेय, आणि २००० साली ही कंपनी तैवानच्या सनरेसकडे गेली तरी नाव चालू आहे, त्यामुळे शिफ्टर, इंडिकेटर चेन (केबलला जोडलेली, एक्सलमध्ये जाऊन गिअर बदलणारी छोटी साखळी) वगैरे नवीन मिळतं. ही इंडिकेटर चेन मागवताना एक्सलची लांबी मोजून सांगा, लांबीप्रमाणे चेन बदलते.

पण दादा, तुमचं दुखणं बहुतेक केबलचं आहे. गिअर दुसऱ्यात टाका, उजवीकडच्या नटला छोटी खिडकी असते त्यातून आत बघा, इंडिकेटर चेनची दांडी जिथे संपते ते टोक एक्सलच्या टोकाशी अगदी बरोबरीत हवं. आत-बाहेर असेल तर अॅडजस्टर फिरवून बरोबरीत आणा, रिकामा पाय बऱ्याचदा तिथेच थांबतो. कवचावरच्या छोट्या झाकणातून पातळ मशीन ऑइलचे थेंब सोडा, वरून ग्रीस भरू नका, आतली खिटी घट्ट होऊन अडकते. एवढं करूनही सुटला तरच हब खोला.

प्रश्न : क्रँक एक्सलवर घट्ट धरणारी कॉटर पिन दर महिन्याला ढिली होते, पाच बदलल्या. (पुणे)

पिनची जाडी मोजा. इंग्लिश सायकलला साडेनऊ मिलिमीटर लागते, बाजारात ९ चीही मिळते, ती बसल्यासारखी वाटते आणि आठवड्यात हलायला लागते. दुसरं म्हणजे पिनचा सपाट उतार, तो एक्सलच्या खाचेला पूर्ण टेकला पाहिजे, नुसता कडेला टेकत असेल तर कानशीने हळूहळू घासून बसवा, घाई नको. ठोकताना क्रँकखाली लोखंडी पाइप उभा धरा म्हणजे सगळा मार छर्र्यांवर जात नाही. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या, नाहीतर पायडल सरळ रेषेत येत नाहीत. आणि पुण्यातच आहात तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, मोडक्या क्रँकसोबत जुन्या कडक पिना मिळून जातात. जाताना तुमची जुनी पिन खिशात न्या, तोंडी माप सांगून घेऊ नका.