वाचकांचे प्रश्न: दातांना तारा कधी, कोणत्या आणि किती दिवस?

गेल्या अंकात वाकड्या दातांवरील उपचारांविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख ‘कोणत्या तारा चांगल्या’ या एकाच शंकेकडे आहे. माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा असतो. दात वाकडे कशामुळे झाले, ते कोठे न्यायचे आहेत आणि तेथे त्यांना जागा आहे का, हे आधी ठरले की तारांची निवड बरीचशी आपोआप होते. पुढील उत्तरे वाचताना हा क्रम लक्षात ठेवावा, ही विनंती.

प्रश्न: माझी मुलगी 8 वर्षांची आहे. वरचे समोरचे दोन दात नवीन आले, पण त्यांच्यात मोठी फट आहे आणि ते दोन बाजूंना फाकलेले दिसतात. सासूबाई म्हणतात, सगळे दुधाचे दात पडेपर्यंत थांबा. शेजारच्या ताई म्हणतात, आत्ताच तारा लावून घ्या. कोणाचे ऐकावे? – एक आई, सातारा

तुम्ही वर्णन केलेली फट या वयात बहुतेक मुलांमध्ये स्वाभाविक असते. वरचे सुळे अजून हाडातच असतात आणि खाली उतरताना ते शेजारच्या दातांच्या मुळांना आतल्या बाजूला रेटतात. त्यामुळे मुळे जवळ येतात आणि दातांच्या कडा फाकतात. साधारण 11 ते 12 व्या वर्षी सुळे बाहेर आले की ही फट बहुधा तारांशिवायच मिटते. या अवस्थेला पाठ्यपुस्तकांत कुरूप पिल्लाचे नाव दिलेले आहे. मुलांच्या कानावर ते पडू नये असे मला मनापासून वाटते, कारण घरात एकदा उच्चारलेला शब्द मूल आरशासमोर उभे राहिल्यावर आठवते.

मात्र ‘थांबा’ याचा अर्थ ‘दाखवू नका’ असा नव्हे. सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा ऑर्थोडॉन्टिस्टकडून (वाकड्या दातांवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञाकडून) तपासणी करून घ्यावी, कारण काही गोष्टी थांबत नाहीत. वरचा समोरचा दात खालच्या दाताच्या मागे अडकत असेल, तोंड मिटताना खालचा जबडा एका बाजूला सरकत असेल, अंगठा चोखण्याची सवय सुटली नसेल, मूल झोपेत तोंड उघडे ठेवून श्वास घेत असेल किंवा किडीमुळे दुधाची दाढ वेळेआधी काढावी लागली असेल, तर लहानसा उपचार आत्ताच करणे पुढच्या मोठ्या उपचारापेक्षा सोपे जाते. वरचे दात फारच पुढे असतील, तर खेळताना पडल्यावर ते मोडण्याचा धोका इतर मुलांपेक्षा अधिक असतो, हेही लवकर दाखवण्याचे एक कारण आहे.

खालचा जबडाच मागे राहिला असेल, तर वेळ आणखी महत्त्वाची ठरते. अशा मुलांना काढता-घालता येणारी दोन भागांची प्लेट दिली जाते. ती खालचा जबडा पुढे धरून ठेवते आणि वाढीच्या जोरावर काम करते. म्हणूनच ती उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात, मुलींमध्ये साधारण 10 ते 13 आणि मुलांमध्ये त्याहून थोडे उशिरा, वापरावी लागते. तुमच्या घरी दाराच्या चौकटीवर उंचीच्या रेघा मारत असाल, तर तपासणीला येताना त्या मापांची नोंद घेऊन या. आम्हांला तिचा खरोखर उपयोग होतो.

प्रश्न: मुलगा 13 वर्षांचा आहे. दात एकमेकांवर चढलेले आहेत. तीन दवाखान्यांत तीन सल्ले मिळाले: एकाने धातूच्या तारा, दुसऱ्याने दाताच्या रंगाच्या, तिसऱ्याने पारदर्शक अलायनर. शिवाय एकाने चांगल्या चार उपदाढा काढायला सांगितल्या. आई म्हणते, वरचे दात काढले की नजर जाते. आम्ही गोंधळलो आहोत. – एक वडील, नाशिक

तुमच्या आईंची भीती आधी दूर करते. वरच्या दातांच्या संवेदना वाहून नेणारी नस आणि दृष्टीची नस या वेगळ्या आहेत. दात काढल्याने नजर जात नाही. ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे आणि तिच्यामुळे कित्येक मुलांचे उपचार अर्धवट राहिलेले मी पाहिले आहेत. आजींना तपासणीच्या वेळी सोबत आणा; त्यांच्या शंकेचे समाधान समोरासमोर होणे चांगले.

आता दात काढण्याविषयी. माझ्या टेबलावर मुलाच्या दातांचा प्लास्टरचा साचा असतो. त्यावर एक मऊ पितळी तार मागच्या दाढेपासून दुसऱ्या बाजूच्या दाढेपर्यंत कमानीसारखी बसवते, मग ती सरळ करून पट्टीवर ठेवते. हाडाच्या कमानीत उपलब्ध असलेली जागा तीच. त्यानंतर प्रत्येक दाताची रुंदी मोजून बेरीज करते. दोन आकड्यांतील फरक 3-4 मिलिमीटर असेल, तर बहुधा दात न काढता काम होते. तो 10 मिलिमीटरच्या आसपास असेल, तर दात बळेच ओळीत बसवले म्हणजे ते पुढे झुकतात, ओठ मिटत नाहीत आणि समोरचे हाड पातळ होते. अशा वेळी प्रत्येक बाजूची, साधारण 7 मिलिमीटर रुंदीची एक उपदाढ (सुळा आणि दाढ यांच्यामधला दात) काढून जागा मिळवली जाते आणि उपचार संपताना ती जागा पूर्ण भरलेली असते. मधल्या आकड्यांच्या बाबतीत चेहऱ्याची ठेवण, ओठांचा भर आणि हिरड्यांची जाडी पाहून निर्णय होतो, आणि तेथे दोन चांगल्या डॉक्टरांचे मत वेगळे असू शकते. तेव्हा ‘दात काढावे लागतील’ असे सांगणाऱ्याला हा फरक किती मिलिमीटरचा आहे आणि साचा व एक्स-रे कोठे आहेत, असे नि:संकोच विचारा. साचा आणि एक्स-रे न पाहता दिलेला सल्ला, मग तो दात काढण्याचा असो वा न काढण्याचा, स्वीकारू नका.

दात सरकतो कसा, हे समजले की जाहिरातींतील दाव्यांची पारख करता येते. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे 0.2 मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. तारेने हलका दाब दिला की ज्या दिशेला दात जायचा त्या बाजूचे हाड पेशी हळूहळू विरघळवतात आणि मागच्या, ताणलेल्या बाजूला नवे हाड तयार होते. हे जिवंत शरीराचे काम असल्यामुळे दात महिन्याला साधारण 1 मिलिमीटर सरकतो. दाब वाढवून वेग वाढत नाही. उलट त्या जागेचा रक्तपुरवठा अडतो, दात काही आठवडे जागीच राहतो आणि मुळांची टोके झिजण्याचा धोका वाढतो. दातांच्या मध्यम गर्दीच्या उपचाराला 18 ते 24 महिने लागतात ते यामुळेच.

आता तीन पर्यायांकडे वळू. धातूच्या तारा सर्वांत मजबूत आणि तुलनेने स्वस्त असतात. सुरुवातीला निकेल-टायटॅनियमची लवचीक तार घालतात. ती वाकवली तरी आपल्या मूळ आकाराकडे परत जाते आणि परतताना दातांना हळुवार ओढते. पुढे जाड स्टीलची तार येते. दाताच्या रंगाचे सिरॅमिक ब्रॅकेट (तार धरण्यासाठी दातांवर चिकटवलेले छोटे तुकडे) हेच काम करतात आणि कमी दिसतात, पण ते ठिसूळ असतात व काढताना अधिक काळजी घ्यावी लागते. रबराच्या कड्यांऐवजी झडपेने तार धरणारे ब्रॅकेटही मिळतात. त्यांनी उपचाराचा काळ लक्षणीय घटतो हा दावा तुलनात्मक अभ्यासांत टिकलेला नाही. दातांच्या आतल्या बाजूला बसणाऱ्या तारा दिसत नाहीत, परंतु जिभेला काही आठवडे त्रास होतो आणि खर्च बराच असतो.

अलायनर हे पारदर्शक प्लॅस्टिकचे साचे असतात. दर एक-दोन आठवड्यांनी पुढचा साचा घालायचा आणि दिवसाचे 20 ते 22 तास तो तोंडात ठेवायचा. मध्यम गर्दी, फटी आणि पूर्वी झालेल्या उपचारानंतर पुन्हा सरकलेले दात यांसाठी ते चांगले आहेत. मात्र दात काढून मोठी जागा बंद करणे किंवा गोल आकाराचा सुळा जागच्या जागी फिरवणे त्यांच्याकडून तितके खात्रीने होत नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत उपदाढा खरोखर काढाव्या लागणार असतील, तर मी धातूच्या किंवा सिरॅमिक तारा सुचवीन. अलायनरच हवे असतील, तर मुलगा चष्मा, पाण्याची बाटली, डबा शाळेतून रोज परत आणतो का, हे आधी पाहा; डब्याच्या सुट्टीत कागदात गुंडाळून ठेवलेला साचा कचऱ्यात गेल्याची तक्रार माझ्याकडे नेहमी येते.

खर्चाचा प्रश्न असेल, तर मुंबईचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय, मुंबई व नागपूर येथील शासकीय दंत महाविद्यालये किंवा गोव्यातील बांबोळीचे दंत महाविद्यालय येथे हे उपचार खासगी दवाखान्यांपेक्षा बरेच कमी खर्चात होतात. तेथे वाट पाहावी लागते, पण पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. कोठेही गेलात तरी डॉक्टरांनी या विषयात बी.डी.एस.नंतर तीन वर्षांचे एम.डी.एस. केले आहे का, ते विचारा.

प्रश्न: वय 42. गेल्या दोन वर्षांत वरच्या समोरच्या दातांत फटी पडू लागल्या आहेत आणि एक दात खाली उतरल्यासारखा दिसतो. या वयात तारा लावणे शोभेल का? – एक वाचक भगिनी, कोल्हापूर

शोभण्याचा विचार मनातून काढून टाका. दात कोणत्याही वयात सरकतात, कारण हाड आयुष्यभर झिजत आणि भरत राहते. परंतु प्रौढ वयात दात आपणहून फाकू लागणे हे बहुतेक वेळा हिरड्यांच्या आजाराने हाड खचल्याचे लक्षण असते. घासताना रक्त येते का, मिश्री किंवा तंबाखू लावण्याची सवय आहे का, मधुमेह आहे का, हे डॉक्टरांना आधी सांगा. प्रथम हिरड्यांवर उपचार, मग सूज पूर्ण उतरल्याची खात्री आणि त्यानंतरच तारा, हा क्रम बदलू नये. सुजलेल्या हिरड्यांवर तारा लावल्या तर दात लवकर सरकतील, पण हाड आणखी जाईल आणि दात गमावण्याची वेळ येईल. याबाबत मी फार आग्रही आहे.

प्रश्न: मी पुण्यात वसतिगृहात राहतो. सिरॅमिक तारा आहेत. रबरे आठवड्यात पिवळी पडतात, ब्रॅकेट दोनदा निघाले आणि आता दातांवर पांढरे डाग दिसू लागले. – एक विद्यार्थी

रबरे पिवळी होतात ती हळदीमुळे. मेसची आमटी-भाजी सोडून देण्याचे कारण नाही. रबरे दर महिन्याला बदलली जातातच, त्याने दातांना अपाय होत नाही. ब्रॅकेट निघण्याचे कारण मात्र शोधा. चिक्की, भाजलेले कणीस, ऊस, सुपारी, कडक चकली ही नेहमीची कारणे आहेत. पेरू-सफरचंद फोडी करून दाढेने खा. कणसाचे दाणे सोलून घ्या. निघालेला ब्रॅकेट फेकून न देता डबीत ठेवून दवाखान्यात घेऊन या आणि पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका, कारण तो दात तेवढे दिवस भरकटतो.

पांढऱ्या डागांची मला खरी काळजी वाटते. ब्रॅकेटभोवती अन्नाचा थर राहिला की त्यातील आम्ल दाताच्या वरच्या थरातील खनिजे काढून घेते. तो खडूसारखा डाग म्हणजे किडीची सुरुवात आहे. फ्लोराइडयुक्त पेस्टने, रात्री झोपताना चुकवू नये अशा रीतीने, दिवसातून दोनदा घासा. तारेच्या वर आणि खाली असे दोन्हीकडे वेगळे घासा आणि तारेखाली जाणारा छोटा ब्रश वापरा. डाग वाढत राहिले, तर तारा काही काळ काढून ठेवणे हाच योग्य निर्णय असतो.

प्रश्न: आमच्या गावच्या पाण्यामुळे दातांवर तपकिरी डाग आहेत. अशा दातांना तारा चिकटतात का? – यवतमाळ जिल्हा

चिकटतात, मात्र निघण्याचे प्रमाण अधिक असते. पाण्यातील फ्लोराइडच्या अतिरेकाने दाताचा पृष्ठभाग तो खडबडीत करण्यासाठी लावलेल्या आम्लाला सहज दाद देत नाही, म्हणून चिकटवण्यापूर्वी तो थोडा अधिक काळ किंवा वेगळ्या रीतीने खडबडीत करावा लागतो. पहिल्याच भेटीत डाग पाण्यामुळे आहेत हे सांगा. तारांनी डाग जाणार नाहीत. त्यावर उपचार नंतर होतो.

प्रश्न: पाच वर्षांपूर्वी तारा काढल्या, आता खालचे दात पुन्हा वाकडे झाले. अक्कलदाढांनी ढकलले असे ऐकले. त्या काढून टाकू का? – वय 24, ठाणे

केवळ या कारणासाठी काढू नका. ज्यांना अक्कलदाढा आलेल्याच नाहीत, अशांचेही खालचे समोरचे दात वयाबरोबर दाटतात. तुमच्या पत्रात रिटेनरचा (उपचारानंतर दात जागेवर धरून ठेवणाऱ्या साधनाचा) उल्लेख नाही, यावरून कारण लक्षात येते. तारा काढल्यावर नवे हाड पक्के होण्यास महिने लागतात आणि हिरडीतील ताणलेले तंतू तर वर्षभरानंतरही दाताला जुन्या जागी ओढतात. म्हणून आज बहुतेक तज्ज्ञ रिटेनर रात्री दीर्घकाळ, शक्यतो कायम, वापरण्यास सांगतात. खालच्या दातांच्या मागे चिकटवलेली बारीक तार हा त्याचाच एक प्रकार आहे.

थोडाच वाकडेपणा असेल, तर काही महिन्यांच्या अलायनरने तो सुधारेल. जुना रिटेनर सापडला तर तो जोर लावून बसवू नका. जसा आहे तसा, उपचार संपल्यावर घेतलेल्या साच्यासह, डॉक्टरांकडे घेऊन जा, म्हणजे कोणता दात किती सरकला हे मोजता येईल. नवीन मिळाला की तो थंड पाण्याने धुवा, कारण गरम पाण्याने प्लॅस्टिकचा आकार बदलतो, आणि तोंडात नसेल तेव्हा त्याच्या डबीतच ठेवा.