बेसबॉलमध्ये चांगला फेकणाऱ्या पिचरला (म्हणजे गोलंदाजाला) मध्येच का काढतात? आणि २०२५ च्या प्लेऑफमध्ये बॉस्टन रेड सॉक्सने त्यांचा पिचर बेलोला २८ चेंडूंत काढलं, ते बरोबर होतं का?

तुम्ही एका दमात दोन प्रश्न विचारलेत. दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो: माझ्या मते बेलोला काढायला नको होतं. पण त्या रात्री मॅनेजर ॲलेक्स कोराच्या नावाने जी लाखोली वाहिली गेली (आमच्या घरातून जरा जास्तच), ती बरीचशी चुकीच्या पत्त्यावर गेली, असंही माझं मत आहे.

मी मूळचा सांगलीचा. २००३ च्या उन्हाळ्यात नोकरीसाठी मॅसॅच्युसेट्सला आलो आणि तीन महिन्यांत या खेळाची जी खोड लागली ती आजतागायत सुटलेली नाही. १६ ऑक्टोबर २००३. न्यूयॉर्क यँकीजचं यँकी स्टेडियम, सातवा सामना, जिंकेल तो वर्ल्ड सिरीजला, म्हणजे अंतिम लढतीला. नऊपैकी आठव्या इनिंगमध्ये आम्ही, म्हणजे रेड सॉक्स, ५-२ ने पुढे आणि आमचा पेद्रो मार्टिनेझ फेकतोय. मला तेव्हा वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर मिळणारा फुकटचा पहिला बेस) म्हणजे काय हेही धड कळत नव्हतं, पण गोलंदाज दमलाय हे क्रिकेट बघून वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. यँकीजच्या जीटरने डबल (दोन बेसांचा फटका) मारला, विल्यम्सने सिंगल (एका बेसचा). ५-३. आमचा मॅनेजर ग्रेडी लिटल चालत मैदानात आला, पेद्रोशी दोन शब्द बोलला आणि त्याला तिथेच ठेवून परत गेला. मग मात्सुई, मग पोसाडा. ५-५. बरोबरीमुळे लांबलेल्या सामन्याच्या अकराव्या इनिंगमध्ये त्यांच्या ॲरन बूनने पहिल्याच चेंडूवर होम रन (आपल्या षटकारासारखा) मारला आणि खेळ खलास. पेद्रोने १२३ चेंडू फेकले होते. लिटलशी पुढच्या मोसमाचा करार झाला नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. क्रिकेटमध्ये बुमराहला चार षटकांनंतर थांबवून शेवटी परत आणता येतं. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर गेलेला माणूस त्या सामन्यात परत येत नाही. म्हणून काढण्याचा निर्णय एवढा जड. आणि काढण्याचं कारण नुसता थकवा नसतं. नऊ बॅटर आळीपाळीने येतात. पहिल्या फेरीत त्यांना पिचरचा हात कळायला वेळ लागतो, दुसऱ्या फेरीत थोडा अंदाज येतो आणि तिसऱ्या फेरीला ते त्याला ओळखून असतात. वर्षानुवर्षांचे आकडे बघितले तर तिसऱ्या फेरीत जवळजवळ प्रत्येक पिचर जास्त मार खातो. त्यातून खांदा आणि कोपर हे नाजूक प्रकरण. कोपराचं ऑपरेशन झालं की वर्ष-दीड वर्ष गेलं. म्हणून शंभरच्या आसपास चेंडू झाले की डगआउटमध्ये (संघाच्या बाकावर) चुळबुळ सुरू होते आणि बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचर बसतात तिथे, कोणीतरी हात गरम करायला लागतो.

एवढं सगळं माहीत असूनही लिटलने पेद्रोला का ठेवलं? मला याचं मूळ त्या वर्षीच्या सुरुवातीत दिसतं. त्या मोसमात आमच्या लोकांनी ठरवलं होतं की शेवटची इनिंग सांभाळायला एकच ठरलेला माणूस नको, ज्या दिवशी जो योग्य वाटेल तो. कल्पना कागदावर वाईट नव्हती, पण त्यासाठी माणसं तशी हवीत. पहिल्याच सामन्यात टॅम्पात नवव्या इनिंगपर्यंत ४-१ ने पुढे होतो, आणि कार्ल क्रॉफर्डच्या होम रनने ६-४ ने हरलो. पुढेही बुलपेनने बराच काळ रडवलं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसं लिटलचं झालं असावं. गंमत अशी की ऑक्टोबरपर्यंत तेच ताक गोड झालं होतं. बुलपेनमधले टिमलिन, एम्ब्री आणि विल्यमसन तिघेही तेव्हा उत्तम फेकत होते. लिटलने एप्रिलच्या आठवणीवर ऑक्टोबरचा निर्णय घेतला.

उलटी चूकही होते. २०२० च्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना. टॅम्पाचा पिचर ब्लेक स्नेल लॉस एंजेलिसच्या डॉजर्सना अक्षरशः नाचवत होता: ७३ चेंडू, ९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), एकही वॉक नाही, संघ १-० ने पुढे. सहाव्या इनिंगमध्ये एक सिंगल गेला आणि मॅनेजर केव्हिन कॅशने त्याला काढलं, कारण तिसरी फेरी सुरू होत होती. बदली आलेल्या निक अँडरसनला मूकी बेट्सने लगेच डबल मारला, आणि बघता बघता आघाडी गेली, मग सामना गेला, मग कपही. (बेट्सला त्याच वर्षी फेब्रुवारीत आमच्याच शहाण्यांनी डॉजर्सना देऊन टाकला होता. त्यावर स्वतंत्र प्रश्न विचारा, मी रजा टाकून उत्तर लिहीन.) नंतर सगळ्यांनी स्नेलच्या ७३ चेंडूंचा जप केला. पण अँडरसन आधीच्या सलग सहा सामन्यांत रन देऊन आलेला होता, त्याबद्दल फार कोणी बोललं नाही. मला विचाराल तर कॅश चुकला तो स्नेलला काढण्यापेक्षा कोणाला आणलं यात.

म्हणजे पिचरला काढणं किंवा ठेवणं हा निर्णय कधीच एकट्या पिचरबद्दल नसतो. त्याच्यामागे बुलपेनमध्ये कोण बसलंय, यावर तो ठरतो. आणि तिथे कोण बसणार हे मॅनेजर ठरवत नाही. ते रोस्टर (खेळाडूंचा ताफा) बांधणारे वरचे लोक महिनोन्‌महिने आधी ठरवतात. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता २०२५. प्लेऑफची पहिली म्हणजे वाइल्ड कार्ड फेरी, तीन सामन्यांची, तिन्ही यँकी स्टेडियमवर. पहिल्या सामन्यात आमचा पिचर गॅरेट क्रोशे. त्याने आदल्या दिवशीच कोराला सांगून ठेवलं होतं की बुलपेनला एकच फोन करावा लागेल, शेवटची इनिंग सांभाळणाऱ्या चॅपमनसाठी. आणि तो खरोखर तसा फेकला. दुसऱ्या इनिंगमध्ये यँकीजच्या वोल्पेने होम रन मारला, त्यानंतर ओळीने १७ बॅटर बाद. कोराने त्याला ११७ चेंडू फेकू दिले. तिसरी फेरी वगैरे सगळं गुंडाळून ठेवलं. तिकडे यँकीजनी मॅक्स फ्रीडला १०२ चेंडूंनंतर १-० आघाडीवर काढलं, आणि त्याच सातव्या इनिंगमध्ये लूक वीव्हरला आमच्या मासाताका योशिदाने दोन रनांचा फटका दिला. नवव्यात चॅपमनने आधी एकही बाद न करता तिन्ही बेस भरून माझं रक्त आटवलं, मग एकही रन न देता बाहेर पडला. ३-१. त्या रात्री कोरा देवमाणूस होता.

दुसऱ्या रात्री ब्रायन बेलो. पहिल्या इनिंगमध्ये यँकीजच्या बेन राइसने दोन रनांचा होम रन मारला (हा राइस आमच्याच राज्यातल्या कोहॅसेटचा, पण लहानपणापासून यँकीजचा, असे घरभेदी असतात). आमच्या ट्रेव्हर स्टोरीने तिसऱ्यात २-२ करून दिलं. आणि त्याच इनिंगच्या उत्तरार्धात, एक बाद असताना, कोरा चालत आला. २८ चेंडू. माझी लेक गावच्या लीगमध्ये सॉफ्टबॉल खेळते, ती सोफ्यावरून ओरडली, "बाबा, तो अजून घामेजलासुद्धा नाहीये!" पुढे डावखुरे बॅटर येत होते, राइस त्यांत होताच, म्हणून डावखुरा जस्टिन विल्सन आणला. चाल म्हणून हे समजतं. त्या क्षणापुरती ती फळलीही. पण तिसऱ्या इनिंगपासून बुलपेनवर जगायचं म्हणजे महिन्याच्या पाच तारखेला पगार संपवण्यासारखं. आठवी इनिंग येईपर्यंत, नवव्यासाठी राखलेला चॅपमन सोडला तर, विश्वासाचा माणूस एकच उरला होता, गॅरेट व्हिटलॉक, आणि त्याला कोराने दमेपर्यंत वापरला. ४७ चेंडू! एका रिलीव्हरला (बदली पिचरला) ४७! दोन बाद झाल्यावर जॅझ चिझमला वॉक मिळाला, ऑस्टिन वेल्सने उजवीकडे सिंगल मारला आणि चिझम पहिल्या बेसवरून थेट घरी आला. ४-३. चॅपमन बुलपेनमध्ये बसूनच राहिला, त्याची नववी इनिंग आलीच नाही.

एकच मॅनेजर, लागोपाठच्या दोन रात्री, एकाला ११७ आणि एकाला २८. लोक म्हणाले माणूस गोंधळलाय. मला तो गोंधळलेला वाटत नाही. दोन्ही रात्री तो एकाच गोष्टीला घाबरत होता: मधल्या इनिंगा सांभाळणारी माणसं आमच्याकडे पुरेशी नव्हती. पहिल्या रात्री त्याने क्रोशेला लांबवून त्यांना टाळलं. दुसऱ्या रात्री सामना बरोबरीत असतानाच हातातून सुटेल या भीतीने कोरा आधीच त्यांच्याकडे वळला, आणि मग ती पुरली नाहीत.

ती का पुरली नाहीत याची वंशावळ ऐका. रफाएल डेव्हर्स, आमचा सर्वांत मोठा बॅटर, २०२३ च्या जानेवारीत १० वर्षांचा, ३१ कोटी ३५ लाख डॉलरचा करार केलेला. २०२५ मध्ये ॲलेक्स ब्रेगमन आला म्हणून डेव्हर्सची तिसऱ्या बेसवरची जागा काढून घेतली आणि त्याला फक्त बॅटिंगला ठेवलं. मग मे महिन्यात पहिल्या बेसवरच्या ट्रिस्टन कासासचा गुडघा गेला, तेव्हा त्यालाच म्हणाले, पहिल्या बेसवर उभा राहा. तो नाही म्हणाला. त्याचं चुकलंच, पण ज्याची जागा तुम्ही काढून घेतलीत त्याच्याकडे महिन्या-दोन महिन्यांत उपकार मागायला जाताना थोडी लाज वाटायला हवी होती. १५ जूनला, यँकीजना तिन्ही सामन्यांत हरवलं त्याच दिवशी, आणि त्या सामन्यात डेव्हर्सने होम रन मारलेला असताना, त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाला देऊन टाकला. बदल्यात आलेला पिचर जॉर्डन हिक्स बुलपेनमध्ये इतका झोडपला गेला की तो हात गरम करायला उठला की मी चहा ठेवायला उठायचो. जेम्स टिब्ज नावाचा तरुण आला, त्याला जुलैअखेर पुढे डॉजर्सना देऊन डस्टिन मे हा पिचर आणला. मेच्या कोपराने सप्टेंबरमध्ये दगा दिला. जिओलितो या आमच्या दुसऱ्या पिचरचाही कोपर ऐन प्लेऑफच्या तोंडावर गेला. टॅनर हाउक हा तिसरा, तो आधीच ऑपरेशनच्या टेबलावर.

दुखापती कोणाच्या हातात नसतात, मान्य. पण सहा महिने चालणाऱ्या मोसमात दोन-तीन पिचर मोडणारच, हे धरून रोस्टर बांधायचं असतं. क्रेग ब्रेस्लो हा आमचा मुख्य कारभारी, स्वतः रिलीव्हर होता, २०१३ च्या विजेत्या संघात होता. बुलपेनचं महत्त्व त्याला मी शिकवायला नको. क्रोशेला आणणं हा त्याचा मास्टरस्ट्रोक, ते श्रेय त्याचंच. पण एक राजा आणि बाकी प्यादी, यावर प्लेऑफ निघत नाही.

तिसऱ्या सामन्यात त्यामुळे चेंडू कोणाच्या हातात आला? कॉनेली अर्ली. ९ सप्टेंबरला पदार्पण केलेला पोरगा. पदार्पणात ११ स्ट्राइकआउट घेतले होते, गुणी आहे. चौथ्या इनिंगमध्ये चार रन गेले, त्यात क्षेत्ररक्षणाचीही चूक होती. समोर यँकीजचाही नवखाच होता, कॅम श्लिटलर: आठ इनिंग, १२ स्ट्राइकआउट, एकही वॉक नाही. ४-०. हा श्लिटलरही आमच्याच राज्यातल्या वॉलपोलचा, शिकला बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात. आमच्या फेनवे पार्क मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर हा मुलगा चेंडू फेकत होता आणि ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) यँकीज त्याला उचलून घेऊन गेले.

तर बेलो. मी कोराच्या जागी असतो तर त्याला चौथी इनिंग संपेपर्यंत ठेवला असता. वर्षभर तो यँकीजसमोर चांगला फेकला होता, दुसरी फेरी नुकतीच सुरू झाली होती, तिसरी अजून लांब होती. पाच आउट जरी जास्त काढले असते तरी व्हिटलॉक आठव्यात ताजा राहिला असता. हे मी लेकीला त्या रात्री दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "आणि राइसने त्याला परत मारला असता, तर तू लगेच ग्रेडी लिटलचं नाव काढलं असतंस."

काढलं असतं.