कंबर म्हणजे नक्की कुठे?

"मॅडम, रिपोर्ट सगळे नॉर्मल आले. मग हे माझ्या मनाचंच असेल का?"

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न वरचेवर येतो. विचारणाऱ्या बहुतेक तिशी-चाळिशीतल्या बायका असतात. दुखणं आहे, पण प्लास्टर नाही, पट्टी नाही, ताप नाही. घरचे आधी काळजी करतात, मग कंटाळतात, मग विचारायचं सोडून देतात. विचारायचं सोडलं म्हणजे त्यांना ते खोटं वाटतं, हा अर्थ मात्र बाईच लावते. जिच्यामुळे या प्रश्नाला उत्तर द्यायची माझी रीत बदलली, तिची हकीकत तिची परवानगी घेऊन सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय ३६. राहायला कळव्याला, नोकरी ऐरोलीच्या एका कंपनीत, हिशेबाच्या खात्यात. रोज कळव्याहून ठाणे, तिथे पूल चढून ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर, मग ऐरोली. मुलगी आठ वर्षांची. नवऱ्यानं आग्रह केला म्हणून माझ्याकडे आली. झोप नाही, चिडचिड, कोणाकडे जायचं म्हटलं की नकार. हळदीकुंकू बंद, बारशी बंद. आणि गणपतीला कोकणात सासरच्या गावी यायचं नाही म्हणाली, त्यावरून घरात चार दिवस अबोला.

सहा वर्षं कंबर दुखते आहे, हे तिनं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मणक्याचा एमआरआय झाला होता, त्यात विशेष काही नव्हतं. वजन कमी करा, ताण घेऊ नका, असं तीन ठिकाणी ऐकून ती आली होती.

मीही त्याच वाटेनं गेले. ती माणसं टाळते आहे एवढंच मला दिसलं आणि मी त्यावर काम सुरू केलं. रोज संध्याकाळी तलावपाळीला एक फेरी मारायची, ओळखीचं कोणी भेटलं तर थांबून बोलायचं, असं ठरवून दिलं. तिनं आठ दिवस निमूटपणे केलं. ती चूक माझी होती आणि तिची किंमत तिच्या पायानं मोजली, हे मी तिला नंतर तोंडानं सांगितलं.

माझ्या खोलीपर्यंत यायला सहा पायऱ्या आहेत. नवव्या दिवशी दार उघडं होतं, म्हणून मला ती चढताना दिसली. कठडा धरून डावा पाय वर, मग उजवा त्याच पायरीवर ओढून घ्यायचा. पुन्हा डावा. वर आल्यावर ती लगेच बसली नाही. खुर्चीच्या पाठीला टेकून उभी राहिली आणि उजव्या बाजूला खुब्यावर पंजा लावला, अंगठा मागे, बोटं पुढे, मोठा पेला धरावा तसा.

"कंबर?" मी विचारलं.

"हो, कंबरच."

"नक्की कुठे? एक बोट ठेवून दाखवा."

तिनं दाराकडे पाहिलं. मी उठून दार लावलं. मग तिनं बोट ठेवलं ते जांघेत.

सहा वर्षांत तिनं हा शब्द एकाही डॉक्टरांसमोर उच्चारला नव्हता. आपल्याकडे पाठीच्या खालपासून मांडीच्या वरपर्यंत सगळ्याला "कंबर" म्हणून भागवतात. बाईला जांघ म्हणायचा संकोच वाटतो, त्यातून समोर पुरुष डॉक्टर असतील तर आणखीच. मग तपासणी मणक्याची होते. मणका नॉर्मल निघतो आणि कागदावर नॉर्मल आलं की घरादाराला वाटतं, बाईला काही झालेलं नाही. खुब्याचं दुखणं पुष्कळदा जांघेतच जाणवतं. म्हणून माझ्याकडे कोणी "कंबर" म्हणालं की आता मी पहिल्याच भेटीत बोट ठेवायला सांगते.

निदान करणं माझं काम नाही. मी तिला खुब्याच्या सांध्याचं काम करणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. उभं करून कटीचा, म्हणजे दोन्ही खुबे दिसतील असा, साधा एक्स-रे काढला आणि उत्तर त्यातच मिळालं: हिप डिस्प्लेजिया. शाळेत आपण उखळीचा सांधा शिकलो, त्यातली उखळी जन्मापासून उथळ. मांडीच्या हाडाच्या गोलावर ती किती झाकण धरते, हे एक कोन मोजून पाहतात. तो साधारण २५ अंशांच्या वर असावा लागतो, २० च्या खाली गेला की डिस्प्लेजिया धरतात. तिचा उजवीकडे १७ होता.

"पण तीस वर्षं मला काहीच नव्हतं," ती म्हणाली. हे बहुतेकांना पटत नाही. साधं चालतानाही खुब्यावर आपल्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. उखळी उथळ असली की तो भार छोट्याशा जागेवर पडतो. तरुणपणी स्नायू सांधा सावरून धरतात. उखळीच्या काठाची मऊ कड मात्र वर्षानुवर्षं ओढली जाते, कुरतडली जाते. मग एखादं बाळंतपण, लोकलचं उभं राहणं, जिने यांच्या निमित्तानं दुखणं वर येतं. जन्मापासूनचा दोष विशीत-तिशीत पहिल्यांदा कळणं यात नवल नाही.

डॉक्टरांनी जन्म कसा झाला ते विचारलं होतं. हे सांगताना ती पहिल्यांदा रडली. ती पायाळू. पोटात डोकं वर आणि कुल्ला-पाय खाली असलेली बाळं, त्यातही मुली, त्यातही पहिलटकरणीच्या, यांच्यात हा दोष जास्त आढळतो. तिन्ही गोष्टी तिला लागू. "लहानपणी आळीत कोणाच्या पाठीत उसण भरली की मला बोलवायचे," ती म्हणाली. "मी पाय लावला की उसण जाते म्हणायचे. मला केवढा अभिमान वाटायचा! आणि माझ्याच पायाकडे कोणी बघितलं नाही."

त्यानंतरच्या दोन भेटी या रागावरच गेल्या. आईवरचा राग, सुईणीवरचा राग. मी तो लगेच शांत करायला गेले नाही. खेड्यात, साताऱ्याकडच्या घरात, त्या काळी तान्ह्या बाळाच्या खुब्याची सोनोग्राफी कोण करणार होतं, हे तिचं तिलाच उमगलं. मग तिनं फोन केला तो धाकट्या बहिणीला, जिला सातवा महिना होता. जवळच्या नात्यात डिस्प्लेजिया असेल तर बाळाचे खुबे जन्मल्यावर तपासून घ्यावेत आणि साधारण सहाव्या आठवड्यात सोनोग्राफी करावी. दुपट्यात पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळू नये. कडेवर घेतो तेव्हा बाळाचे पाय फाकलेले असतात, ते खुब्याला चांगलंच असतं. बहिणीला हे सगळं तिनंच समजावलं. स्वतःच्या मुलीलाही तिनं डॉक्टरांना दाखवून घेतलं. तिचं ठीक होतं.

आता तो मूळ प्रश्न. मनाचं आहे का? नाही. पण सहा वर्षं दुखत राहिलं, रात्री कुशीवर वळताना जाग येत राहिली आणि कोणी मानलं नाही, तर मन थकणारच. चिडचिड आणि नैराश्य खरं होतं, त्यावर आम्ही कामही केलं. फक्त ते दुखण्यामागून आलं होतं.

गावाला का जायचं नाही, हेही मी आधी चुकीचं विचारलं होतं. "तिथे कोण कोण असतं, कोणाशी पटत नाही?" असं. आता विचारलं, "तिथे दिवसभर काय काय करावं लागतं?" उत्तर लगेच आलं. मोदक वळायला दोन-तीन तास जमिनीवर मांडी घालून बसायचं. आणि शौचालय देशी, उकिडवं बसायचं, उठताना धरायला काही नाही. मागच्या वर्षी आत बसून उठता येईना, तर दहा मिनिटं भिंतीला हात लावून रडली होती. हे कोणाला सांगायचं? म्हणून "मला यायचं नाही" एवढंच.

नवऱ्याबरोबरही असंच झालं होतं. जवळीक करताना मांड्या फाकवल्या की खुब्यात कळ येते, म्हणून ती दूर राहू लागली. कारण बोलली नाही. त्याला वाटलं, आपलं काही चुकलं, बायकोचं मन उडालं. दोघांना समोर बसवून मी हे बोलायला लावलं. ऐकल्यावर तो बराच वेळ खाली बघत होता. मग म्हणाला, "दुखतं एवढं तरी सांगायचंस." कुशीवर झोपून, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन, सावकाश, असे मार्ग असतात. याबद्दल फिजिओथेरपिस्टना विचारायला लाजू नका, त्यांच्यासाठी हा रोजचा प्रश्न आहे.

पुढच्या भेटीला सासूबाई आल्या. त्या गुडघेदुखीच्या, आणि त्यांच्या मनात एकच होतं: मी या वयात जमिनीवर बसते, हिला काय झालं? मी एक्स-रे खिडकीच्या काचेवर धरला. डावी-उजवी बाजू दाखवली. त्या चष्मा सावरून बघत राहिल्या. "म्हणजे लाडू वाटीत हवा, तो हिचा बशीत ठेवलाय," त्या म्हणाल्या. हाडांवरची इतकी व्याख्यानं मी ऐकली, एवढं नेमकं कोणी सांगितलं नव्हतं.

घरात काय हवं ते आम्ही नेमक्या शब्दांत लिहून काढलं. "मला बरं नाही" याचं समोरचा माणूस काय करणार? "ओट्यापाशी उंच स्टूल हवं, मी पोळ्या बसून करीन" म्हटलं की स्टूल येतं. कार्यालयात आठवड्यातले दोन दिवस घरून काम आणि गर्दी ओसरल्यावर यायची मुभा तिनं लेखी मागितली, मिळाली. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये कामाच्या ठिकाणी वाजवी सोयी देण्याची तरतूद आहे. मात्र दिव्यांगत्वाची टक्केवारी तपासणीतूनच ठरते आणि बऱ्याच सवलतींना ४० टक्के लागतात, हेही मी तिला सांगितलं, उगाच आशा लावली नाही. काठीला ती दोन महिने नाही म्हणाली. फिजिओथेरपिस्टनी काठी डाव्या हातात धरायला लावली, म्हणजे दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध. उजव्या खुब्यावरचा भार त्यानंच हलका होतो. काठीचा एक अनपेक्षित उपयोग झाला. लोकलमध्ये आता बसायला मागावं लागत नाही, कोणीतरी उठतं.

शस्त्रक्रियेचा निर्णय मी कधीच कोणासाठी घेत नाही. उखळीभोवतीचं हाड कापून, ती वळवून, स्क्रूनं बसवण्याची एक शस्त्रक्रिया आहे. स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे डॉ. राइनहोल्ड गांझ यांनी ती १९८४ मध्ये सुरू केली. स्वतःचा सांधा त्यात टिकतो, पण कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरचं गुळगुळीत आवरण, फारशी झिजलेली नसेल तरच उपयोग, आणि नंतर कित्येक आठवडे कुबड्या. कूर्चा संपली असेल तर सांधा बदलणं हा मार्ग उरतो. तिची कूर्चा अजून चांगली आहे. नितंबाच्या स्नायूंचे व्यायाम सहा महिने मनापासून करायचे, मग पुन्हा डॉक्टरांना भेटून ठरवायचं, असं तिनं ठरवलं. दुसऱ्या मताचा कागदही फाइलला लावून ठेवला आहे.

गणपतीला ती गेली. आदल्या आठवड्यात सासूबाईंनी ठाण्याहून घडीची कमोड खुर्ची आणवली होती. गावात कोणी विचारलं तर माझ्या गुडघ्यांसाठी म्हणून सांगेन, असंही परस्पर ठरवून टाकलं होतं. पोचल्या पोचल्या चुलत आत्यांनी विचारलंच, हे काय आणलंय? सासूबाई तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "माझ्यासाठी आहे, आत्या. माझ्या खुब्याची उखळी जन्मापासून उथळ आहे. मी पायाळू ना, त्यातलंच."

"पायाळू?" आत्या पाठीला हात लावत म्हणाल्या. "मग ये बाई इकडे, काल घागर उचलताना उसण भरलीय."

"येते," ती म्हणाली, "पण खुर्चीत बसून पाय लावीन. चालेल ना?"

आत्या तिच्यापुढे पाठ करून बसल्या.