वाचकांचे प्रश्न : भुयारी मेट्रो आणि आपली घरं

प्रश्न : आमची चाळ गिरगावात, शंभरीच्या पुढची. खालून मेट्रो सुरू झाल्यापासून जिन्यालगतच्या भिंतीतल्या भेगा वाढल्यासारख्या वाटतात. हे गाड्यांच्या धक्क्यांमुळे होतं का? आम्ही काय करावं?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : गाडीच्या धक्क्याने भेग पडण्याची शक्यता कमी आहे. मेट्रो-३, म्हणजे मुंबईच्या या भुयारी मार्गाच्या, रुळांखाली रबरी आवरणात बसवलेले काँक्रीटचे ठोकळे आहेत, त्यामुळे बरीचशी थरथर तिथेच जिरते. जमीन खचण्याचा धोका असतो तो खोदकामाच्या काळात.

बोगदा खोदणारं यंत्र, म्हणजे टीबीएम, साधारण साडेसहा मीटर व्यासाचं असतं. तोंडावरची चकती खडक फोडते आणि मागे यंत्राच्या पोटातच काँक्रीटच्या वक्र तुकड्यांचं कडं उभं राहतं. शेवटचा पाचरीसारखा तुकडा बसला की कडं आवळलं जातं. मग त्याच कड्यावर जॅक टेकवून यंत्र पुढे सरकतं. यंत्राचा घेर कड्यापेक्षा मोठा असल्याने भोवती काही सेंटिमीटरची पोकळी उरते. तिच्यात लगेच ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, भरावं लागतं. उशीर झाला किंवा ते कमी पडलं, तर वरची जमीन त्या पोकळीत दबते. अखंड बेसॉल्टमध्ये, म्हणजे मुंबईखालच्या काळ्या कातळात, हा परिणाम नगण्य असतो. यंत्राच्या तोंडासमोर अर्धा खडक आणि अर्धी मऊ माती आली की मात्र त्रास सुरू होतो. खोदकामात भूजल झिरपून पातळी उतरली, तर मातीचे थर आक्रसतात. तेव्हा बोगद्यापासून थोड्या दूरच्या इमारतीलाही भेगा पडू शकतात.

काळबादेवी आणि गिरगाव स्थानकांसाठी जगन्नाथ शंकरशेट रस्ता आधीच चिंचोळा. वरून अख्खा रस्ता उघडून खोदायला जागाच नव्हती. म्हणून खाली उतरून थोडं थोडं खोदायचं, लगेच काँक्रीटचा फवारा मारायचा, खडकात बोल्ट ठोकायचे, या पद्धतीने फलाटांची जागा काढली.

आता तुमच्या भिंतीबद्दल. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहा. सर्वांत रुंद जागी मोजपट्टी धरून फोटो काढा आणि दर महिन्याला तेच करा. गिलाव्यातली केसासारखी भेग, जी टोकाला पुढे सरकत नाही, ती बहुधा जुनीच असते. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढणारी किंवा रेघेपलीकडे गेलेली भेग असेल, दार अडकू लागलं असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला ताबडतोब बोलवा. काम सुरू होण्यापूर्वी मार्गालगतच्या इमारतींचं सर्वेक्षण होतं. तुमच्या इमारतीचा तो अहवाल लेखी अर्ज करून मागून घ्या. त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय जुनी भेग कुठली आणि नवी कुठली, हे कोणीच ठामपणे सांगू शकणार नाही. गच्चीची गळती आणि गंजलेल्या लोखंडी तुळयाही तपासून घ्या. अशा चाळींत खरा आजार अनेकदा तिथेच सापडतो.

प्रश्न : दादरचं मेट्रो स्थानक रेल्वे स्थानकाला थेट लागून का नाही?
— एक वाचक, नायगाव

उत्तर : चालू रुळांखाली स्थानकाचा खड्डा खणता येत नाही. आठ डब्यांच्या गाडीला सलग सरळ फलाट लागतो, आणि टीबीएमला वळायला काहीशे मीटर त्रिज्येचं वळण लागतं. एवढी जागा रस्त्याखालीच मिळते. म्हणून स्थानक प्लाझा सिनेमा-सेनाभवन परिसरात आहे. आम्हाला वाटतं, पावसात भिजू नये अशी आच्छादित पायवाट मात्र त्याच कामात धरायला हवी होती.

प्रश्न : २६ मे २०२५ ला आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं. हे दर पावसाळ्यात होणार का?
— एक वाचक, वरळी

उत्तर : तिथे पाणी शिरलं ते काम पूर्ण न झालेल्या प्रवेशमार्गातून. तिथली संरक्षक भिंत कोसळली होती. पूर्ण झालेल्या प्रवेशाला रस्त्यावरून आधी काही पायऱ्या वर चढावं लागतं आणि मगच खाली उतरता येतं. पूरपातळीच्या वरचा हा उंबरठाच पहिला बांध. त्यावर अडसरफळ्या लावता येतात, आणि तरी आत आलेलं पाणी तळाच्या टाकीतून पंप उपसतात. अर्धवट दारापाशी हा उंबरठाच नसतो. पावसाळ्याआधी पाहणी करायची ती अशा उघड्या तोंडांची, आणि पंपांना स्वतंत्र वीज आहे ना, याची.